बिभीषणची दुपारची मेंढरं

बिभीषणची आणि माझी ओळख एका चिठ्ठीमुळे झाली. बीडच्या ज्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो, तिथल्या सात नंबरच्या वर्गाच्या दारावर एका मंगळवारी वहीतून फाडलेला कागद चिकटवलेला होता. अक्षर सुरेख होतं. मजकूर असा :

'विषय : इंग्रजीचा तास.
काय व्हायला पाहिजे : इंग्रजी.
काय होतं : धडा मराठीत, गप्पा मराठीत, पेपर इंग्रजीत.
पुन्हा कसं घडवावं : मंगळवारी साडेअकराला येऊन बसा.
किती गंभीर : मध्यम.'

मला सगळ्यात जास्त लागलं ते 'मध्यम'. बावीस वर्षं शिकवून माणूस निदान 'अति' तरी असावा.

"कुणी लावलं हे?" मी वर्गात विचारलं. तिसऱ्या बाकावरून एक उंच, काटकुळा मुलगा उठला. गळ्यात मोठा हेडफोन. त्याची वायर खिशात गेलेली. पुढे मला कळलं की ती खिशातच संपते, कशालाच जोडलेली नसते.

"मी सर. बिभीषण. बीएस्सी कॉम्प्युटर, सेकंड इयर."

"माझ्याविरुद्ध तक्रार आहे का तुझी?"

"न्हाई सर. तक्रार माणसावर अस्ती. ह्यो बग हाय, म्हंजी बिघाड. बग कामावर अस्तो." आणि मला धीर देत म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. दुरुस्त व्हतंय."

'दुरुस्त व्हतंय' हा बिभीषणचा आवडता शब्दप्रयोग. पंखा बंद पडला, निकाल अडकला, मित्राचं प्रेम मोडलं, कशालाही तो आधी दोन क्षण बघतो आणि मग मान डोलवून म्हणतो, "ह्यात काय हाय? दुरुस्त व्हतंय." दुरुस्त होतंच असं नाही. पण ते ऐकलं की समोरच्याला बरं वाटतं, हे मात्र खरं.

मी ती चिठ्ठी मनावर घेतली आणि गुरुवारपासून तास कडक इंग्रजीत सुरू केला. पुढच्या मंगळवारी दारावर नवा कागद होता : 'काय व्हायला पाहिजे : समजणे. काय होतं : नुस्तं इंग्रजी. मागचंच परत लावावं. किती गंभीर : जास्त.'

अशा चिठ्ठ्या कॉलेजभर होत्या. वसतिगृहाच्या मेसमध्ये आमटीच्या पातेल्यामागे होती : 'काय व्हायला पाहिजे : डाळ.' तिथल्या मावशींनी तिच्याखालीच कोळशानं उत्तर लिहिलं होतं : 'काय होतं : रोज तीन वाट्या पितोस.' बिभीषणला ते उत्तर इतकं आवडलं की त्यानं त्या चिठ्ठीवर स्वतःच 'बंद' असा शेरा मारला.

ही रीत त्यानं उचलली होती एका खेळातून. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातून. माळरानावर एक झोपडी आणि चार जनावरं घेऊन सुरुवात करायची, विहीर खणायची, पेरायचं, हळूहळू गाव वसवायचं, असा तो खेळ. ओपन सोर्स. मी अर्थ विचारला तर म्हणाला, "सर, गावातली हापशी अस्ती बघा, तसं. कुणाच्या मालकीची न्हाई, पाणी समद्यांना. अन् बिघडली की ज्याला पाना चालवता येतो त्यानं दुरुस्त करायची." जगभरातले लोक आपापल्या घरी बसून हा खेळ फुकट दुरुस्त करत असतात. बिघाड दिसला की अशीच चिठ्ठी लिहायची, तो मिटला की तिच्यावर 'बंद' मारायचं. कुणी काय सुचवलं, ते घ्यायचं की नाही, हे ठरवणारे दोघं : फिनलंडमधले एक गृहस्थ आणि ब्राझीलमधल्या एक बाई. बिभीषण त्यांना 'फिनलंडचे मामा' आणि 'ब्राझीलची आक्का' म्हणायचा. मामा कडक, आक्का प्रेमळ. दोघांनाही या नात्याची कल्पना नव्हती.

खेळ त्यानं घेतला तो केवळ त्याच्या जुन्या लॅपटॉपवर चालतो म्हणून. पण पहिल्याच दिवशी त्याला पडद्यावर मेंढ्या दिसल्या आणि त्याचं जेवण गेलं. पांढऱ्याशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारख्या, आणि प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला.

"सर, मी मेंढपाळाचा हाय. नांदूरघाटाकडं आमचं गाव. जन्मापासून मेंढरात. मला कुणी मेंढरू शिकवायचं न्हाई."

हे तो अशा खात्रीनं म्हणायचा की समोरचा आपोआप मागे सरकायचा. त्याच खात्रीनं त्यानं खेळाच्या वेबसाइटवर पहिली नोंद केली होती. संपूर्ण मजकूर तीन शब्दांचा : 'शीप आर राँग.' मामांनी विचारलं, 'कोणत्या?' बिभीषणनं लिहिलं, 'ऑल.'

इथून माझं काम सुरू झालं. मधल्या सुट्टीत तो स्टाफरूममध्ये यायचा, माझ्यासमोरची खुर्ची ओढायचा आणि लॅपटॉप उघडायचा. त्याच्या लॅपटॉपचं एक बटण निखळलं होतं. तिथं तो माचिसच्या काडीनं दाबायचा.

"सर, मेंढरू बुजणं आन् मेंढरू बिथरणं, ह्याला इंग्रजीत दोन शब्द द्या."

"फरक काय त्यात?"

"बुजलेलं एकटं पळतं. बिथरलेलं समद्यांना घेऊन पळतं."

माझ्या एम.ए.त मेंढ्या आल्या होत्या, पण त्या सगळ्या कवितेतल्या. कुरणात शांत चरणाऱ्या. त्यांना पळताना मी पाहिलं नव्हतं. मी ग्रंथालयातून जाडे शब्दकोश आणले. वाऱ्याकडे तोंड करून चरणं, पुढच्या मेंढीनं उडी मारली की जागेवर काही नसतानाही मागच्या सगळ्यांनी तिथंच उडी मारणं, करडू-कोकरांनी एकमेकांत घुसून ओरडणं, या सगळ्याचं आम्ही दोघांनी इंग्रजी केलं. मला सांगायला हरकत नाही की त्या वर्षी मी जेवढं इंग्रजी शिकलो, तेवढं मागच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो. एक एक दुरुस्ती मामा तपासायचे, चार शंका काढायचे, आणि स्वीकारायचे. स्वीकारली की बिभीषण स्टाफरूममधल्या सगळ्यांना चहा सांगायचा आणि चहा घेणाऱ्या प्रत्येकाला मेंढीच्या उडीचं तत्त्व समजावून सांगायचा. केमिस्ट्रीचे सर पुढे पुढे चहा घरून पिऊन येऊ लागले.

मग दुपारच्या मेंढरांचं प्रकरण झालं.

"सर, भर दुपारी मेंढरं चरत न्हाईत," तो एक दिवस म्हणाला. "घोळका करून उभी ऱ्हात्यात. हिचं डोकं तिच्या पोटाखाली, तिचं अजून तिसरीच्या. माळावर झाड कुठं अस्तं? मग एकमेकीची सावली घेत्यात. खेळातली मेंढरं आपली उन्हात चरतच बसलीत. किती हाल!"

या एका गोष्टीवर तो दीड महिना बसला होता. पहिल्या प्रयत्नात प्रत्येक मेंढरू दुसऱ्याची सावली शोधत फिरू लागलं आणि अख्खा कळप जात्यासारखा गोल फिरत राहिला. दुसऱ्या प्रयत्नात सगळी मेंढरं विहिरीत उतरली, कारण सगळ्यात गार सावली तिथं होती. तिसऱ्यात जमलं. बारा वाजले की पडद्यावरचा कळप सावकाश गोळा व्हायचा, डोकी खाली जायची, आणि नुसती लोकरीची एक मोठी गोधडी माळावर उरायची. बिभीषणनं खेळातले बारा पुन्हा पुन्हा वाजवून ते बघितलं.

आक्कांनी कौतुक केलं, मामांनी कुरकुरत मान्यता दिली, आणि ती दुरुस्ती खेळात गेली. त्या दिवशी बिभीषणनं वडलांना फोन करून सांगितलं, "आप्पा, तुमची मेंढरं लागली बघा खेळात!"

चार दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. खेळणारे जगभरातून लिहू लागले. 'दुपारी माझ्या मेंढ्या एकमेकींना चिकटतात.' 'माझ्या मेंढ्यांना डोकी नाहीत.' एकानं काळजीनं विचारलं होतं की हा काही आजार आहे का, आणि औषधाची झोपडी कोणत्या पातळीला मिळते. बिभीषणनं रागारागानं उत्तर लिहून माझ्यासमोर ठेवलं : 'तुमी कधी खरं मेंढरू बघितलंय का बे?'

"हे इंग्रजीत करा सर."

"हे मी करणार नाही."

"नुस्तं 'बे' गाळा मग."

मी बाकीचंही गाळलं. उरलं ते इतकंच, की दख्खनच्या माळावर मेंढ्या असं करतात. मामांचं उत्तर आलं. त्यांनी आयुष्यभर मेंढ्या पाहिल्या आहेत, त्यांच्या गावातच आहेत, आणि त्या असं करत नाहीत. रविवारी खेळाची नवी आवृत्ती निघणार. तोवर खऱ्या मेंढ्या असं वागतात हे दाखवता आलं तर ठीक, नाहीतर ही दुरुस्ती काढून टाकण्यात येईल. आक्कांनी खाली लिहिलं होतं, 'माझा बिभीषणवर विश्वास आहे, पण मला फक्त गाई कळतात.'

हे शुक्रवारी आलं. बिभीषण माझ्यासमोर बसला. पहिल्यांदाच त्यानं 'दुरुस्त व्हतंय' म्हटलं नाही.

"त्यांच्याकडं ऊनच नसंल सर," तो म्हणाला. "फिनलंडात कशाला घालतील डोकं खाली? पण माझं नाव गेलं तर जाऊ द्या. आप्पाला सांगून बसलोय मी. आता काय सांगू? तुमची मेंढरं काढली?"

"तुझे आप्पा कुठे आहेत आत्ता?"

"चौसाळ्याच्या पुढं. एकाच्या रानात वाडा बसवलाय."

वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. पीक निघालेल्या शेतात कळप बसवतात, शेताला लेंडीखत मिळतं. मी घड्याळाकडे पाहिलं, मग वेळापत्रकाकडे. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

"उद्या दहाला माझ्या गाडीवर बस," मी म्हणालो.

रस्ताभर तो मागून माझ्या कानात बोलत होता. मेंढरं कशी ओळखतात, कुत्रं कसं राखतं, मेंढपाळानं शीळ कशी घालायची. मोटारसायकलच्या आवाजात निम्मं ऐकू येत नव्हतं, तरी आपण एका जाणकाराला घेऊन चाललो आहोत असा भरवसा वाटत होता. हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागलो, बांधाजवळ गाडी लावली. लांबवर काळा कळप दिसत होता.

पहिल्यांदा कुत्रं आलं. केसाळ, भलं मोठं, आणि सरळ बिभीषणच्या अंगावर. तो माझ्यामागे झाला. "सर, हलू नका, हलू नका!" कळपाकडून एक म्हातारा काठी उंचावत धावला. "आरं, घरचाच हाय त्यो! घरचाच हाय!" हे तो कुत्र्याला सांगत होता. कुत्र्याला ते पटलेलं दिसलं नाही, पण ते बसलं.

हे आप्पा. अंगात बंडी, डोक्याला मळका फेटा, आणि चेहऱ्यावर एवढं हसू की दात किती उरलेत ते मोजता यावं. "या गुर्जी. ह्यानं फोनवर सांगितलंय तुमचं. तुमी म्हणं आमच्या मेंढरांना इंग्रजी शिकिवलं."

साडेअकरा झाले होते. बिभीषणनं फोन काढला आणि कळपाकडे निघाला. तो दहा पावलं पुढे गेला की मेंढरं वीस पावलं पलीकडे जायची. तो उजवीकडून गेला की ती डावीकडून फुटायची. त्यानं शीळ घातली. एका मेंढीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागली.

"आरं, उगं हिंडू नगं!" आप्पा ओरडले. "बुजत्यात ती!"

आणि वर आभाळ आलेलं. सूर्य ढगाआड. बारा वाजले, सव्वाबारा झाले. मेंढरं निवांत पांगून चरत होती, प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला. मामांनी पाहिलं असतं तर त्यांना फार समाधान वाटलं असतं. बिभीषण ढेकळावर उभा राहून कधी आभाळाकडे बघत होता, कधी कळपाकडे. फोन धरून त्याचा हात अवघडला तरी तो खाली घेईना.

एकच्या सुमाराला ढग सरकला. ऊन असं आलं की डोळ्यांपुढे माळ पांढरा झाला. पाच-दहा मिनिटं काही झालं नाही. मग एक म्हातारी मेंढी चरायची थांबली, शेजारणीजवळ गेली आणि तिच्या पोटाखाली डोकं घालून उभी राहिली. मग दुसरी. मग पाच-सहा एकदम. बघता बघता सगळा कळप एका जागी गोळा झाला. डोकं एकाचंही दिसेना. बिभीषण दबक्या पावलांनी जवळ गेला. या वेळी एकही मेंढरू हललं नाही. त्याचं सगळं लक्ष फोनमध्ये, म्हणून मागून आप्पाच बोलले, मोठ्यानं, फिनलंडपर्यंत पोचावं असं : "बघा म्हणावं! ऊन हाय म्हणून घालत्यात डोकं खाली. गरीब जात हाय, एकमेकीच्या आसऱ्यानं ऱ्हाती!"

ते सगळं फोनमध्ये आलं. त्याच्याखाली आप्पांच्या बोलण्याचं इंग्रजी मी लिहून दिलं. रविवारी दुपारी मामांचं उत्तर आलं, आणि त्या माणसाबद्दल माझं मत कायमचं बदललं. त्यांनी लिहिलं होतं : 'मी चुकलो होतो. मेंढ्या राहतील. मागे बोलणारे गृहस्थ कोण आहेत?' बिभीषणनं याचं उत्तर मला न विचारता दिलं : 'माय फादर. ही इज द सोर्स.' मी त्यात एक अक्षरही बदलू शकलो नसतो. खेळ घडवणाऱ्यांच्या नावांच्या यादीत आता बिभीषणच्या खाली आप्पांचं नाव आहे. आप्पांना ते दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "माझं खाली कावून? बाप हाय ना मी?"

पण त्या शनिवारची एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

ऊन पडायची वाट बघत आम्ही बसलो होतो तेव्हा बिभीषण लांब ढेकळावर उभा होता. आप्पांनी तीन दगडांच्या चुलीवर कोरा चहा केला. मी कप हातात घेऊन सहज म्हणालो, "पोराला मेंढरांचं फार कळतं तुमच्या. एवढी बारीक बारीक माहिती. जन्मापासून त्यांच्यात वाढला म्हणून."

आप्पा चुलीतली काटकी हलवत राहिले.

"कुठलं गुर्जी," ते म्हणाले. "सहा वर्साचा व्हता, तवाच आश्रमशाळेत टाकला त्याला. आमी आठ म्हैने फिरतीवर. म्हणलं एक तरी शिकावा. शाळेच्या दारात सोडून आलो, तवा रडला बी न्हाई. नुस्ता बघत व्हता. मेंढरामागं तो मोजून पंधरा दिस चालला नसंल. कुत्रं वळखत न्हाई त्याला, बघितलं न्हवं तुमी?"

"मग हे सगळं?"

"मला इचारतो. फोनवर. रोज." त्यांनी हसून लांब पोराकडे पाहिलं. "आधी फोन करायचा तर काय बोलायचा? 'आप्पा, जेवलात का? हां. मी बी जेवलो. ठिवतो.' बस. धा-बारा वर्सं असंच. त्याला आमचं काय बोलावं कळंना, मला त्याच्या शाळेचं काय इचारावं कळंना. आन् ह्यो खेळ निघाला तसा रोज फोन! आप्पा, मेंढरू उडी कावून मारतं? आप्पा, पावसात कुठल्या अंगाला तोंड करतं? घंटा घंटा बोलतो गुर्जी. त्याची माय तर फोन कानाला लावून नुस्ती ऐकत बसती."

आप्पा जरा पुढे सरकले. आवाज खाली आणला, जणू कुत्र्यानंही ऐकू नये.

"तुमाला म्हणून सांगतो. मी त्याला एका टायमाला पुरतं सांगत न्हाई. निम्मं सांगतो, निम्मं ठिवतो. म्हणतो, आता मेंढरं वळवायचीत, बाकीचं उद्या इचार. समदं एकदाच सांगितलं तर उद्या कशाला फोन करंल त्यो?"

तेवढ्यात ढग सरकला आणि ते उठून कळपाकडे गेले.

चारच्या सुमाराला आम्ही निघालो. निघताना बापलेकांनी दोन शब्दांत आटपलं. आप्पांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, बिभीषणनं हेडफोन नीट केला. "येतो." "हां. सावकाश जा." एवढंच. समोरासमोर त्या दोघांना खरंच बोलता येत नव्हतं.

चौसाळा आलं नव्हतं अजून. बिभीषणनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, जरा थांबता का? आप्पाला एक इचारायचं ऱ्हायलं."

आत्ताच तर त्यांच्याजवळ पाच तास होतास, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. तो उतरून बाभळीखाली गेला. फोन कानाला लावला, आणि पलीकडून आवाज येताच त्याचा चेहरा सैल झाला.

"आप्पा, मी. न्हाई, पोचलो न्हाई अजून... ती लंगडी मेंढी हाय बघा तुमची, ती मागं ऱ्हायली की बाकीची थांबत्यात का हो तिच्यासाठी? का तुमीच थांबिवता?"

पलीकडे आप्पा सांगू लागले असावेत. तो 'हां... हां...' करत बाभळीच्या बुंध्याला टेकून खाली बसला. मी डोक्यावरचं हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसलो. आम्हाला कुठं घाई होती?